स्थलस्मृती आणि इतिहासशिक्षण : केपटाउनचे डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालय

वस्तुसंग्रहालय म्हणजे जतन केलेल्या वस्तूंचे स्थान, अशी आपली सर्वसाधारण कल्पना असते. परंतु ज्या वस्तीतील घरे पाडली गेली, रस्ते उखडले गेले आणि माणसे पांगली, तिचे संग्रहालय कशाचे करावयाचे? दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथील डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालयाने या प्रश्नाला दिलेले उत्तर वाङ्मयाच्या अभ्यासकालाही विचार करावयास लावणारे आहे. मौखिक निवेदनाची संहिता कशी होते आणि तिच्या ग्राह्यतेची परीक्षा कशी करावयाची, हा आपलाच प्रश्न तेथे इतिहासशिक्षणाच्या रूपाने उभा राहिला आहे.

१८६७ मध्ये केपटाउन नगरपालिकेचा सहावा विभाग म्हणून या वस्तीला हे नाव मिळाले. गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांचे वंशज, कारागीर, गोदीकामगार, छोटे व्यापारी आणि देशोदेशींहून आलेले लोक येथे शेजारी शेजारी राहत. केपटाउनच्या भारतीय मुसलमानांत कोकणातून गेलेल्या कुटुंबांचा भरणा मोठा आहे. त्यांपैकी काहींचे बिऱ्हाड या वस्तीतही होते. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी 'ग्रुप एरियाज ॲक्ट'खाली हा भाग केवळ गौरवर्णीयांसाठी राखीव असल्याचे जाहीर झाले. १९८२ पर्यंत साठ हजारांहून अधिक लोकांना शहराबाहेरच्या वालुकामय सपाटीवर नेऊन टाकण्यात आले. प्रार्थनास्थळे तेवढी उभी राहिली. बाकी जवळजवळ सारे जमीनदोस्त झाले. वस्तीचे नावसुद्धा १९७० मध्ये बदलले गेले; ते अधिकृतपणे परत येण्यास २०१९ साल उजाडावे लागले.

या विस्थापनाविरुद्ध झालेल्या चळवळीतून १९८९ मध्ये संग्रहालयाचा न्यास स्थापन झाला आणि १० डिसेंबर १९९४ रोजी एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये पहिले प्रदर्शन उघडले. ते अवघे दोन आठवडे चालावयाचे होते. परंतु जुने रहिवासी येतच राहिले आणि प्रदर्शनाचे संग्रहालय झाले. त्यातील मुख्य वस्तू दोनच म्हणता येतील. वस्ती पाडण्याच्या कामावरील एका मुकादमाने रस्त्यांच्या सत्तरांहून अधिक पाट्या फेकून न देता घरी जपून ठेवल्या होत्या. त्या येथे टांगल्या गेल्या. आणि जमिनीवर साऱ्या वस्तीचा मोठा नकाशा अंथरण्यात आला, ज्यावर रहिवाशांनी आपापल्या घराच्या जागी आपले नाव स्वहस्ते लिहिले.

येथील शिक्षणाची रीत या नकाशापासूनच सुरू होते. शाळेतील मुले आली की त्यांना वस्तीचा जुना रहिवासी भेटतो. तो नकाशावर उभा राहून आपले घर, दुकान, शाळा दाखवितो आणि मुले प्रश्न विचारतात. पुढे त्याच्यासह प्रत्यक्ष मोकळ्या माळावर जावयाचे आणि नकाशावरील रस्ता गवतात शोधावयाचा. संग्रहालयात एक लांब कापड आहे. आलेले रहिवासी त्यावर दोन ओळी लिहितात आणि मागाहून ती अक्षरे सुईदोऱ्याने भरली जातात. 'हेस कॉम्बेस' म्हणजे घरचे स्वयंपाकघर या नावाच्या उपक्रमात रहिवाशांनी पाककृती आणि त्यांच्याशी निगडित आठवणी भरतकाम व कथन यांतून नोंदविल्या. २०१६ मध्ये त्यांचे पुस्तकही निघाले. विशेष हे की या साऱ्यात माहिती सांगणारा हाच शिक्षक असतो. पुस्तकातला इतिहास मुलांना समजावून देणारा मध्यस्थ तो नव्हे.

अर्थात स्मृती ही निवड करणारी असते. हरवलेल्या वस्तीचे चित्र प्रेमळ शेजाराचे आणि गाण्याबजावण्याचेच राहावे, असा मोह स्वाभाविक आहे. परंतु याच वस्तीत जन्मलेल्या ॲलेक्स ला गुमा यांच्या १९६२ मधील 'अ वॉक इन द नाइट' या कृतीत तेथील दारिद्र्य, हिंसा व पोलिसी जुलूम आहेत. रिचर्ड राइव्ह यांच्या १९८६ मधील 'बकिंगहॅम पॅलेस, डिस्ट्रिक्ट सिक्स' या कादंबरीत जिव्हाळा आणि विनोद यांना अधिक जागा आहे. दोघेही तेथलेच. शिवाय १९०१ मध्ये प्लेगाचे निमित्त करून या भागातील अनेक आफ्रिकी रहिवाशांना सक्तीने हलविण्यात आले होते. त्या पहिल्या विस्थापनाचे साक्षीदार नकाशावर नाव लिहावयास उरले नव्हते. म्हणून नकाशा भरलेला दिसला तरी तो पूर्ण आहे असे मानता येत नाही. कोणाचे नाव येथे नाही, हे विचारावयास शिकविणे हाही इतिहासशिक्षणाचाच भाग होय.

मराठी अभ्यासकाला येथे 'लीळाचरित्रा'चे स्मरण होणे साहजिक आहे. चक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी प्रत्यक्षदर्शी अनुयायांकडून पुसून घेतल्या. मूळ पोथी नष्ट झाल्यावर स्मरणातून पाठ पुन्हा सिद्ध झाले आणि पाठभेद उरले. 'स्थानपोथी'ने तर त्या त्या स्थळांची वर्णनेच नोंदविली. दोन्हींचे हेतू अगदी भिन्न आहेत, हे खरेच. एक भक्तीचा व्यवहार, दुसरा नागरी हक्काचा. तथापि स्थळ हे स्मृतीचे अधिष्ठान मानणे आणि भिन्न साक्षी एकीत विरघळू न देता जपणे, या दोन बाबतींत त्यांचे साम्य उपेक्षणीय नाही.

केपटाउनमध्ये या स्मृतीला व्यवहारातही मोल आहे. १९९४ च्या भूमिपुनःप्राप्ती कायद्याखाली ३१ डिसेंबर १९९८ पर्यंत दावे मागविण्यात आले. ११ फेब्रुवारी २००४ रोजी पहिल्या दोन वृद्धांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्यानंतरही अनेकांना दीर्घकाळ प्रतीक्षा करावी लागली आणि कित्येक ती करतानाच गेले. ते गेले की केवळ दावेदार जात नाही, शिक्षकही जातो. साक्षीदारावर उभारलेले शिक्षण साक्षीदारांनंतर कसे चालवावे, हा या छोट्या संस्थेपुढील खरा प्रश्न आहे. ध्वनिमुद्रण आवाज राखील. प्रश्नाला उत्तर देणार नाही. ते काम, ज्यांनी नकाशावर उभे राहून प्रश्न विचारले, त्या मुलांनाच मोठेपणी करावे लागेल.

आपल्याकडे हिराकूड, कोयना, टिहरी येथील जलाशयांखाली गावे गेली. त्यांच्या गल्ल्यांची, शेतांची, विहिरींची नावे ज्यांना ठाऊक आहेत, ती माणसे आता वृद्ध आहेत किंवा निवर्तली आहेत. ती नावे त्या त्या बोलीत, सांगणाऱ्याच्या भिन्न साक्षींसह नोंदविणे हे इतिहासविभागाइतकेच भाषाविभागांचेही काम आहे. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही; जमिनीवर अंथरलेला एक नकाशा आणि त्यावर उभे राहून सांगणारा माणूस असला, तर आरंभ होऊ शकतो.