नकली बेडूक आणि ‘एक, दोन!’

बेडकानं मासा पकडलेला कधी ऐकलंय? अमेरिकेत असे बेडूक आहेत. नकली, बरं का!

तिथल्या तळ्यांत ‘लार्जमाउथ बास’ नावाचा मोठ्या तोंडाचा मासा असतो. उन्हाळ्यात तो पाणवनस्पतींच्या सावलीत दबा धरून बसतो. तिथे साधा गळ टाकला, तर तो पानांतच अडकतो. म्हणून मऊ प्लास्टिकचा पोकळ बेडूक वापरतात. त्याचे दोन गळ अंगाला चिकटून, टोकं वर करून असतात. त्यामुळे तो पानांवरून सुळकन सरकतो. माशानं तोंडात धरला, की बेडूक चेपतो आणि गळ उघडे पडतात!

काठीला हलके झटके देत बेडूक नाचवायचा. पानांमध्ये मोकळं पाणी दिसलं, की तिथं क्षणभर थांबवायचा. धप्प! बास झेपावतो, पाणी उडतं. नवशिके दचकून लगेच काठी ओढतात आणि बेडूक माशाच्या तोंडातून निसटतो. जाणकार मात्र मनात ‘एक, दोन’ म्हणतात. दोरीला माशाचा भार जाणवला, की मगच जोरात ओढतात. पुष्कळजण पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडूनही देतात.

गुरुजींचा प्रश्न संपण्याआधीच हात वर करणाऱ्यांनो, तुम्हीही म्हणून पाहा : एक, दोन!