तेलपाण्याची बाई

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची जुनी वहिवाट. तिच्यामागचा हिशेब सरळ होता. आई, आजी, मावशी, शेजारच्या काकू अशी चार जाणती माणसे हाताशी असत आणि तेलपाण्यापुरती गावातली सुईण येऊन जाई. तिला धान्य मिळे, बारशाला लुगडे-खण मिळे. आता शहरातल्या दोन खोल्यांच्या घरात आजीबाई स्वतः नोकरीत असतात, नाहीतर गुडघ्यांनी बेजार असतात. मग सातव्या-आठव्या महिन्यापासूनच चौकशी सुरू होते, ‘तेलपाण्याला चांगली बाई आहे का हो कुणी ओळखीची?’

अशी बाई किती दिवस लागते? आपला रिवाज सव्वा महिन्याचा. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त बाळंतिणीची पथ्ये दीड महिना सांगितली आहेत. आणि आजचे डॉक्टर म्हणतात सहा आठवडे, कारण गर्भाशय पूर्ववत व्हायला साधारण तेवढाच काळ लागतो. तिन्ही हिशेब असे जवळजवळ जुळतात. दहा-बारा दिवसांत बाई बंद करून सूनबाईला ओट्याशी उभे करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

बाई ठेवायची ती कशासाठी, हे मात्र फार थोड्या घरांत ठरलेले असते. एक बाई सकाळी दोन तास येते. बाळंतिणीला चोळते, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालते आणि जाते. दुसरी दिवसभर राहते. दुपटी धुते, स्वयंपाक करते, बाळंतिणीला वेळेवर ताट देते. पुष्कळदा पहिलीवर पैसा खर्च होतो आणि दुसरीची गरज असते! बाळाला पाजणे आईलाच करायचे आहे. ती पाजत असताना तिच्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवणारे आणि नंतर बाळाला घेऊन ‘तू पड जरा’ म्हणणारे माणूस हवे. रात्री दर दोन-तीन तासांनी उठणाऱ्या बाईला दुपारची सलग झोप मिळाली, तर निम्मे बाळंतपण सुखाचे झाले असे मी समजतो.

आता रीतींविषयी. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही. बाळ त्याने शांत झोपते. डिंकाचे लाडू, हळिवाची खीर खुशाल करावी. पण काही गोष्टी पहिल्याच दिवशी, बाईने कमरेला पदर खोचण्याआधी, स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. जन्मानंतरचे पहिले चोवीस तास अंघोळ नको. बाळ फार लहान चणीचे असेल, तर अंघोळ आणि मालिश दोन्ही डॉक्टरांना विचारूनच. नाळेला हळद, राख, तेल काही लावायचे नाही. ती कोरडी ठेवायची. नाकाकानात तेल सोडायचे नाही, कारण नाकातले तेल फुप्फुसात उतरू शकते. जन्मल्यावर काही दिवस बाळाची छाती, मुलगा असो की मुलगी, थोडी सुजलेली दिसते. आईच्या शरीरातल्या संप्रेरकांचा तो परिणाम असतो आणि आपोआप ओसरतो. ती पिळून ‘दूध काढण्याची’ जी पद्धत आहे, तिने तिथे पू होतो. आईच्या टाक्यांवर तेल नको, आणि पोट चिरून प्रसूती झाली असेल तर पोट चोळणे किंवा पट्टा आवळणे डॉक्टरांच्या संमतीवाचून नको.

शेक-शेगडीचे प्रकरण याहून गंभीर आहे. खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत कोळशाची शेगडी पेटवली, की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसे झोपेतच दगावतात. ओवा-शेपांची धुरीही तान्ह्याच्या छातीला सोसत नाही. ऊब हवी तर टोपडे, दुपटे आणि आईची कूस पुरेशी आहे.

राहिली गुटी. वेखंड, मायफळ, मुरुडशेंग उगाळलेली सहाण पाहिली की आजीला आपले पोरपण आठवते, हे खरे. तरीही पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून काही नको, पाणीसुद्धा नको, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको. त्यातून तान्ह्याला गंभीर विषबाधा होऊ शकते.

हे सांगायचे कसे? ‘वीस वर्षं हेच करतेय मी, ताई. शंभर पोरं न्हाऊ घातली,’ असे ती म्हणणारच, आणि ते खोटेही नसते. मान उडवून टाकण्याजोगी ही विद्या नव्हे. ‘बाई, तुमचा हात चांगलाच आहे, पण आमच्या डॉक्टरांनी एवढं बजावलंय,’ असे म्हणावे. डॉक्टरांचे नाव अशा वेळी ढालीसारखे उपयोगी पडते; प्राध्यापकाचे पडत नाही, हा स्वानुभव.

अशा बायकांच्या हातात नवे ज्ञान दिले तर काय घडते, हे गडचिरोलीत दिसले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यांतल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. नवजात मृत्यूंचे प्रमाण तिथे सुमारे ६२ टक्क्यांनी उतरले. हा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०११ पासून आशा कार्यकर्तीने घरी येऊन बाळ-बाळंतिणीला पाहण्याची योजना देशभर सुरू झाली. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, अशा तिच्या सहा भेटी ठरलेल्या आहेत.

बाई घरात आहे म्हणून डॉक्टरांची गरज संपत नाही. बाळ दूध ओढेनासे झाले, अंग तापले किंवा गार पडले, मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास होऊ लागले, तळहात-तळपाय पिवळे दिसले. किंवा आईला फार रक्तस्राव, ताप, तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे असे काही झाले, तर तेल-काढ्यात वेळ न घालवता दवाखाना गाठावा. आणि बाळंतीण दोन आठवड्यांनंतरही सारखी रडत असेल, बाळाकडे पाहवेनासे म्हणत असेल, तर ‘दृष्ट लागली’ म्हणून मीठमोहऱ्या ओवाळीत बसू नये. तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत.

व्यवहाराचे थोडक्यात सांगतो. वेळ, काम, पगार, खाडे हे आधी बोलून घ्यावे. ‘द्या काय द्यायचं ते’ या भिडेत दोघेही फसतात. तिची नखे कापलेली असावीत, हातात अंगठी-बांगडी टोचेलशी नसावी, हात साबणाने धुतल्याशिवाय बाळ घ्यायचे नाही. तिला खोकला-ताप असेल तर तिने त्या दिवशी येऊ नये. मात्र त्या दिवसाचा पगार कापाल, तर ती खोकला लपवून येईल, हे उघड आहे. नोकरदार आईला २०१७ सालच्या दुरुस्तीने, पहिल्या दोन अपत्यांसाठी, २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. तिला तेल लावणाऱ्या बाईला स्वतःच्या बाळंतपणात अशी रजा कुणी दिलेली नसते. महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. तिची नोंदणी झाली आहे का, हे विचारायला आणि नसेल तर अर्ज भरून द्यायला आपला अर्धा तास जातो.

शेवटच्या आठवड्यात बाईला एकदम बंद करू नये. दोन दिवस आईने स्वतः पाटावर बसून, पाय पसरून, बाळाला न्हाऊ घालावे आणि बाईने नुसते शेजारी बसून सांगावे. पहिल्या दिवशी बाळ निसटेल अशी धास्ती वाटते. दुसऱ्या दिवशी नुसते पाणी जास्त सांडते. तिसऱ्या दिवशी बाळाच्या वडिलांना त्याच पाटावर बसवायला हरकत नाही.