नाताळच्या कुकीज आणि क्राफ्ट बिअर : काही रूढ समज व वस्तुस्थिती

बिअर म्हटली की तिच्यासोबत खारे दाणे, तिखट शेव किंवा तळलेली मासळी असावयाची आणि गोड पदार्थ समोर आला की पेला बाजूला सारावयाचा, असा एक दंडक आपल्याकडेच नव्हे, तर जेथे हे पेय शतकानुशतके सिद्ध होत आले त्या युरोपातही पुष्कळांनी निमूटपणे पत्करलेला दिसतो. त्यामुळे अमेरिकेत नाताळच्या दिवसांत घरी भाजलेल्या आल्याच्या, लोण्याच्या आणि दालचिनीच्या कुकीजचे तबक मांडून त्याशेजारी लहान ब्रुअऱ्यांमध्ये तयार झालेली क्राफ्ट बिअर ठेवण्याची जी रीत रुजली आहे, तिच्याकडे अनेकजण निव्वळ व्यापारी क्लृप्ती म्हणून पाहतात. हा समज निराधार आहे, आणि तो तसा का आहे हे उमगण्यासाठी आरंभ जवाच्या दाण्यापासूनच करावा लागतो.

जव भिजवून त्यास मोड आणतात आणि मोड आलेला दाणा भट्टीत सुकवतात. या सुकवण्यात आच जशी चढत जाते तसतसा दाण्याचा रंग आणि स्वाद पालटत जातो, आणि मंद आचेवर ज्याला ताज्या पावाचा वास येतो तोच दाणा पुढे खरपूस होऊन अखेरीस कॉफी व कडू चॉकलेट यांच्या स्वादापर्यंत जाऊन पोहोचतो. चकलीची भाजणी ज्यांनी हाताने भाजली आहे, त्यांना धान्याचा हा क्षणाक्षणाला बदलणारा गंध निराळा समजावून सांगावयास नको. शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यात उष्णतेमुळे घडणाऱ्या ज्या प्रक्रियेचे वर्णन लुई कामिय मायार या फ्रेंच वैज्ञानिकाने १९१२ साली केले, तीच या बदलाच्या मुळाशी मुख्यत्वे आहे. आणि ओव्हनमध्ये कुकीची कड मधल्या भागाच्या आधी तांबूस होऊ लागते, घरभर दरवळ सुटतो, तेव्हा तेथेही हीच प्रक्रिया चाललेली असते. ब्रुअरीच्या कोठारात ‘बिस्किट माल्ट’ या नावाचा मोड आलेला जव स्वतंत्रपणे ठेवलेला असतो, यात म्हणूनच नवल नाही. धान्य आणि आच हे बिअर व कुकी या दोहोंचे समान कूळ होय. त्यांस एकत्र आणणारा कोणतीही विसंगती निर्माण करीत नाही, उलट एक जुने नाते ओळखतो.

गडद रंगाची बिअर अधिक कडक, हा दुसरा समज, आणि तो यजमानास खरोखर अडचणीत टाकणारा. काळेपणा भाजलेल्या माल्टमुळे येतो आणि त्यास अल्प प्रमाणही पुरते. मद्यार्क मात्र आंबवण्यासाठी किती शर्करा उपलब्ध होती यावर ठरतो. डब्लिनची गिनेस ड्राफ्ट ही काळीभोर स्टाउट ४.२ टक्के मद्यार्काची आहे, तर बेल्जियममधील वेस्टमाल मठाची सोनेरी ट्रिपेल ९.५ टक्क्यांची. रंग पाहून पाहुण्याचा पेला भरणाऱ्याने आधी बाटलीवरील आकडा वाचावा.

मसाल्यांविषयीचा गैरसमज मला सर्वांत उद्बोधक वाटतो. गव्हाच्या जर्मन बिअरला लवंगेचा स्पष्ट वास येतो, म्हणजे तिच्यात लवंग घातली असली पाहिजे, असे पिणारा सहज धरून चालतो. परंतु ज्या बव्हेरियात ही बिअर नावारूपास आली, तेथे १५१६ साली निघालेल्या ड्यूकच्या फर्मानाने जव, हॉप आणि पाणी यांखेरीज अन्य कोणताही जिन्नस घालण्यास मनाई केली होती, आणि अपवाद म्हणून गव्हाची बिअर करण्याचा अधिकार पुढे दीर्घकाळ राजघराण्याच्या खास मक्त्याखाली राहिला. लवंगेचा तो वास यीस्टपासून येतो. विशिष्ट जातीचे यीस्ट आंबवताना जी संयुगे निर्माण करते, त्यांतील एकाचा गंध लवंगेशी आणि दुसऱ्याचा पिकल्या केळ्याशी जुळतो. बेल्जियमच्या तांबूस दुबेल बिअरमध्ये मनुका व अंजिरे यांची आठवण करून देणारा जो स्वाद असतो, तोही फळांचा नसून गडद साखरेचा आणि यीस्टचा असतो. तसेच न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रुअरीच्या ‘ब्लॅक चॉकलेट स्टाउट’मध्ये चॉकलेट नसते, तेथे सारे कर्तृत्व भाजलेल्या माल्टचे.

हे एकदा ध्यानात आले की सेंट निकोलसच्या सणाला, म्हणजे ६ डिसेंबरच्या सुमारास, बेल्जियम आणि हॉलंड येथे लाकडी साच्यांतून काढली जाणारी स्पेक्युलास बिस्किटे दुबेलबरोबर इतकी शोभतात, याचे कारणही उघड होते. दालचिनी, लवंग, जायफळ, वेलची हे मसाले बिस्किटात प्रत्यक्ष असतात. पेयात त्यांची केवळ चाहूल असते, आणि त्यामुळे एक दुसऱ्यावर कुरघोडी करीत नाही. याउलट प्रत्यक्ष मसाले घातलेल्या हिवाळी बिअरही असतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९७५ पासून दरवर्षी नाताळसाठी निराळ्या कृतीची बिअर काढून प्रत्येक वर्षी वेष्टनावर नवे वृक्षचित्र छापण्याचा परिपाठ जवळजवळ अर्धशतक चालवला. ती ब्रुअरी २०२३ साली बंद पडली, याची हळहळ अद्याप अनेकांस वाटते. अशा मसालेदार बिअरसोबत मसालेदार कुकी दिल्यास जीभ लवकर थकते. तिला साधी लोण्याची कुकी अधिक मानवते.

पेय नेहमी पदार्थाहून गोड असले पाहिजे, हा नियम वाइनच्या परंपरेतून आला आहे आणि बिअरला तो अर्धाच लागू पडतो. अर्धा अशासाठी की, साखरेचा जाड लेप असलेल्या कुकीनंतर कोरडी, फिकट पिल्सनर घेतली, तर ती खरोखरच पातळ व कडवट भासते. तथापि बिअरजवळ वाइनपाशी नसलेली काही साधने आहेत, आणि ब्रुकलिनचे ब्रूमास्टर गॅरेट ऑलिव्हर यांनी २००३ सालच्या ‘द ब्रूमास्टर्स टेबल’ या ग्रंथात अन्न आणि बिअर यांच्या मेळाचा विस्तृत विचार केला आहे, तो अभ्यासण्यासारखा आहे. काकवीच्या जातीचा काळा पाक घातलेली आल्याची कुकी दाताखाली मोडावी, तिचा चुरा जिभेवर विरघळू द्यावा आणि मग स्टाउटचा लहानसा घोट घ्यावा: प्रथम बुडबुड्यांची चुणचुण टाळूवर बसलेला लोण्याचा थर हलवते, मग भाजलेल्या माल्टचा कडवटपणा पाकाच्या गोडीस आवर घालतो, आणि घोट गिळल्यावर मागे जे उरते ते आले व कॉफी यांचे मिश्रण असते, जे कुकीत एकटे नव्हते आणि बिअरमध्येही नव्हते. हॉपचा तीव्र कडूपणा असलेली आयपीए मात्र येथे योजू नये. आल्याचा झणझणीतपणा आणि तो कडूपणा परस्परांस चेतवतात. तीच आयपीए लिंबाची वा संत्र्याची साल घातलेल्या गोड कुकीसमोर ठेवली, तर साखर तिचा कडूपणा सौम्य करते आणि हॉपमधील फळांचा गंध उमलून येतो.

बिअर बर्फासारखी गार असावी, हा आग्रहही येथे सोडावा लागतो. फार थंड पेयाचा स्वाद दबतो. दुबेल किंवा कडक स्टाउट फ्रिजमधून काढून १० ते १३ अंश सेल्सिअसपर्यंत येऊ द्यावी.

एका समजाकडे मात्र कोणीही दुर्लक्ष करू नये. पिठात बिअर घालून भाजली की तिच्यातील मद्यार्क पूर्णपणे उडून जातो, असे ठाम सांगणारे पुष्कळ भेटतात. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या तक्त्यानुसार पदार्थात मिसळून १५ मिनिटे भाजल्यावर सुमारे ४० टक्के आणि अर्ध्या तासानंतर सुमारे ३५ टक्के मद्यार्क शिल्लक राहतो. एका कुकीच्या वाट्यास येणारा अंश अत्यल्प असतो हे खरे. परंतु जो धर्मामुळे, प्रकृतीमुळे वा व्यसनमुक्तीच्या निर्धारामुळे मद्य वर्ज्य करतो, त्याला तो अंशही विचारून द्यावयास हवा, आणि लहान मुलांचे तबक तर वेगळेच असावे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. पुण्यात २००९ साली ‘दूलाली’ या ब्रुअरीने क्राफ्ट बिअर सुरू केल्यापासून गव्हाची ताजी बिअर येथील पिणाऱ्यांच्या परिचयाची झाली आहे, आणि गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळसाठी रवा, नारळ, साखर व अंडी यांची बोलिन्यास नावाची बिस्किटे आजही घरी होतात; त्यामुळे हा मेळ अनुभवण्यास विलायती जिन्नसांची गरज नाही. बोलिन्यासवर काट्याने ओढलेल्या जाळीदार रेघा भाजताना आधी तांबूस होतात आणि आतील नारळ ओलसर राहतो. त्या ओलसर, किंचित तेलकट गोडीला कडू बिअर सोसत नाही, आणि काळी स्टाउट नारळाला झाकून टाकते. गव्हाची बिअर मात्र, तिच्या केळ्याच्या गंधामुळे आणि मृदू आंबटपणामुळे, नारळाला मोकळी जागा देते. पेला लहान घ्यावा, बिस्किट पुरते निवल्यावरच द्यावे, आणि प्रथम बिस्किट, मग घोट, हा क्रम ठेवावा.