फांसा, लस आणि काय-वर्ग

सापशिडीचा पट मांडून मुलें बसलीं म्हणजे थोड्याच वेळांत एक तंटा हटकून उपस्थित होतो. एकाला वरचेवर सहा पडूं लागतात. दुसरा म्हणतो, "तुझा फांसा खोटा आहे", पहिला म्हणतो, "माझें नशीब." घरांतील वडील मंडळी हा तंटा दटावून मिटवितात; परंतु त्यांतील प्रश्न दटावून मिटण्यासारखा नाहीं. निव्वळ योगायोगानें किती तफावत पडूं शकते, आणि कोणत्या मर्यादेपुढें योगायोगावर भार टाकणें योग्य नव्हे? गणितानें ह्या प्रश्नास दिलेलें उत्तर आम्ही येथें सांगूं इच्छितों.

समजा, फांसा साठ वेळां टाकला. तो खरा असेल तर प्रत्येक बाजू सरासरीनें दहा वेळां पडावी. प्रत्यक्षांत एक ७ वेळां, दोन ९, तीन ८, चार ११, पांच ८ आणि सहा १७ वेळां पडले. सतरा हा आंकडा पाहून पुष्कळांचा निर्णय तेव्हांच होऊन जाईल. पण घाई न करतां प्रत्येक बाजूची प्रत्यक्ष संख्या व अपेक्षित संख्या यांची वजाबाकी घ्यावी, तिचा वर्ग करावा, त्यास अपेक्षित संख्येनें भागावें, आणि सर्व भागाकार मिळवावे. वर्ग कां करावयाचा हें उघड आहे. नुसत्या वजाबाक्या मिळविल्या तर अधिक-उणें एकमेकांस खाऊन बेरीज शून्यच येईल. भागण्याचें कारण असें कीं, दहा अपेक्षित असतां सातांची तफावत मोठी, हजार अपेक्षित असतां तीच क्षुल्लक. येथें वर्गांची बेरीज ६८ होते. दहांनीं भागून ६.८.

ह्या संख्येस काय-वर्ग म्हणतात. 'काय' हें एका ग्रीक अक्षराचें नांव आहे. आमच्या प्रश्नार्थक शब्दाशीं त्याचा संबंध नाहीं, जरी कसोटी प्रश्नच विचारीत असली तरी! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील कार्ल पिअर्सन यांनीं ती १९०० सालीं प्रसिद्ध केली. आलेली संख्या कोष्टकाशीं ताडून पाहावयाची असते. फांशाच्या बाजू सहा, परंतु एकूण साठ हें ठरलेलें असल्यामुळें पांच बाजूंचे आंकडे कळले कीं सहावा आपोआप निघतो. म्हणून कोष्टकांत पांचांची ओळ पाहावी. तेथें ११.०७ ही मर्यादा दिली आहे. खऱ्या फांशानें ती ओलांडली जाण्याचा प्रसंग शंभरांत पांचच वेळां येतो. आपली संख्या ६.८; एवढी तफावत खरा फांसाही शंभरांत वीस-पंचवीस वेळां दाखवील. तेव्हां आरोपी सुटला. मात्र त्याचा खरेपणा सिद्ध झाला असें नव्हे. सहाशें वेळां टाकून हेंच प्रमाण राहिलें असतें, तर काय-वर्ग ६८ आला असता आणि नशिबाची सबब कोणीहि ऐकिली नसती.

ही गोष्ट वेल्डन नांवाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत फार स्पष्ट दिसते. बारा फांसे एकदम, असे २६,३०६ वेळां टाकून पांच किंवा सहा किती पडले याची नोंद त्यानें ठेविली. एकूण ३,१५,६७२ फांशांत तिसरा हिस्सा, म्हणजे १,०५,२२४ यावयास पाहिजे होते, आले १,०६,६०२. शेंकडा ३३.३३ च्या जागीं ३३.७७! इतका सूक्ष्म फरक कोणाच्या नजरेस आला असता? परंतु काय-वर्ग २७ येतो, आणि येथील मर्यादा अवघी ३.८४ आहे. ठिपके कोरून काढल्यानें पांच-सहाच्या बाजू किंचित् हलक्या होतात व वर येतात, असें त्याचें कारण मानितात.

आतां पालकांस अधिक जवळचें उदाहरण घेऊं. ज्यांचें नांव परळच्या संस्थेस आहे त्या हाफकिन यांनीं, मुंबईंत प्लेगची लस काढण्यापूर्वीं, १८९३ पासून आपल्या देशांत पटकीची लस टोंचण्यास आरंभ केला होता. अशा लसींचा खरोखर उपयोग होतो काय, हा प्रश्न ग्रीनवुड व यूल यांनीं १९१५ सालीं आंकड्यांवरून तपासला. त्यांच्या एका कोष्टकांत ८१८ माणसें आहेत. लस घेतलेलीं २७९, त्यांपैकीं ३ जणांस पटकी झाली. न घेतलेलीं ५३९, त्यांपैकीं ६६ जणांस झाली.

लसीचा कांहींच परिणाम नसता तर काय दिसलें असतें, हें आधीं पाहावें. एकूण रोगी ६९. ते दोन्ही गटांत लोकसंख्येच्या प्रमाणानें वांटले गेले असते, म्हणजे टोंचलेल्यांत सुमारें २३.५ व इतरांत ४५.५. निरोगी माणसांचेहि असेच दोन भाग पडतात: २५५.५ व ४९३.५. चारहि घरांत तफावत एकच, सुमारें २०.५. अपूर्णांक न सोडतां हिशेब केला म्हणजे चार भागाकार १७.९२, ९.२७, १.६५ व ०.८५ येतात; बेरीज २९.६९. बाजूंच्या बेरजा ठरलेल्या असल्यानें एका घराचा आंकडा कळतांच उरलेलीं तीन घरें भरतां येतात. म्हणून कोष्टकांत एकाचीच ओळ पाहावयाची. ह्या मुद्द्यावर खुद्द पिअर्सनची चूक झाली होती; तो तिनाची ओळ घेई. रॉनल्ड फिशर यांनीं १९२२ सालीं ती दुरुस्त केली. विद्यार्थ्यांस गणितांत चुका होतात म्हणून खिन्न होण्याचें कारण नाहीं, हें ओघानें सांगून ठेवितों.

मर्यादा ३.८४, संख्या जवळजवळ ३०. योगायोगाची सबब येथें सर्वथा टिकत नाहीं. पण मग लसीनेंच माणसें वांचलीं असें म्हणावें काय? आमच्या मतें येथेंच वाचक फसण्याचा संभव अधिक. दोन्ही गट इतर सर्व बाबतींत सारखे असले पाहिजेत व रोगाची बाधा होण्याचा संभव दोघांसहि सारखा असला पाहिजे, अशी अट ग्रीनवुड व यूल यांनीं स्वतःच घातली आहे. जीं माणसें आपण होऊन लस घेतात तींच पाणीहि उकळून पीत असतील, तर तीन आणि सहासष्ट यांतील अंतराचें कांहीं श्रेय चुलीवरच्या भांड्यास द्यावें लागेल. दोन्ही घरांचें पाणी कोणत्या विहिरीचें होतें, हें ह्या चार घरांच्या कोष्टकांत कोठेंहि लिहिलेलें नाहीं.