फटका किती किलोचा?

मागच्या वेळी आपण ह्यूम आणि कार्यकारणभाव यावर बोललो. व्याख्यान संपलं, चहा चालू होता, तेव्हा एक आजी आमच्याजवळ आल्या. म्हणाल्या, "सर, ते ह्यूमचं राहू दे. आमचा नातू अकरा वर्षांचा आहे. पेठेतल्या मोठ्या पोरांबरोबर रोज संध्याकाळी फुटबॉल खेळतो आणि सारखा हेडर मारतो. त्याच्या डोक्याला किती किलोचा फटका बसतो, तेवढं सांगा." आम्ही "बघून सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. घरी आल्यावर लक्षात आलं, की हा प्रश्न ह्यूमला सोडून जातच नाही. म्हणून आजचं व्याख्यान त्या आजींच्या प्रश्नावर.

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. यातल्या बऱ्याच संघांच्या नावात 'तालीम' आहे. म्हणजे ज्या घरात कुस्ती वाढली, त्याच घरात फुटबॉलही वाढला. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला, त्या भारतीय संघात आपला अनिकेत जाधव होता. शाहू स्टेडियमवर सामना असला की गॅलरीतून हमखास ऐकू येतं, "काय जोर हाय बघ किकला!" आता हा 'जोर' म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडच्या वैशेषिकांनी याचा विचार फार पूर्वी केला होता. एका वस्तूमुळे दुसरी हलते ती कशी? त्यांनी दोन प्रकार सांगितले, नोदन आणि अभिघात. हातगाडी ढकलतो ते नोदन. तिथे हात आणि गाडी एकत्र पुढे जातात. मुसळ उखळात आपटतं तो अभिघात. तिथे भेट होते, आवाज होतो आणि दोघं विलग होतात. पुढच्या नैयायिकांनी तर व्याख्याच केली, की ज्या संयोगातून शब्द निघतो तो अभिघात. किक बसल्यावर 'थाप्' असा आवाज येतो ना, तो ऐकून कोणताही जुना नैयायिक सांगेल की हा अभिघात. आम्हाला हे वर्गीकरण फार आवडतं. पण त्यात एक गोष्ट सुटली. ती भेट किती वेळ टिकते, हे त्यांना मोजता येणं शक्य नव्हतं.

युरोपातही टकरीचा हिशोब सहज सुटला नाही. देकार्तने १६४४ साली टकरीचे सात नियम दिले आणि त्यातले बहुतेक चुकले. लहान वस्तू कितीही वेगाने आली तरी स्थिर असलेल्या मोठ्या वस्तूला हलवू शकत नाही, असं तो म्हणतो. गोट्या खेळणाऱ्या पोरानेसुद्धा हसावं असा नियम! पुढे हायगेन्स, रेन आणि वॉलिस यांनी तो हिशोब दुरुस्त केला आणि १६८७ मध्ये न्यूटनने त्यावर कळस चढवला. तो हिशोब सोपा आहे. वस्तूचं वस्तुमान गुणिले तिच्या वेगात झालेला बदल, याला आवेग म्हणतात. बल किती लागलं हे काढायचं असेल, तर त्या आवेगाला भेटीच्या वेळाने भागायचं. सगळी गंमत या भागाकारात आहे.

आता आकडे घेऊ. मोठ्यांच्या फुटबॉलचं वजन नियमाने ४१० ते ४५० ग्रॅम असतं, आपण ४३० धरू. चांगली किक बसली की स्थिर चेंडू सेकंदाला २५ मीटरने, म्हणजे ताशी ९० किलोमीटरने निघतो. आवेग झाला पावणेअकरा. पाय आणि चेंडू यांची भेट सुमारे १० मिलिसेकंद टिकते, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. भागाकार केला की सरासरी बल येतं सुमारे १,०७५ न्यूटन. साखरेची दोन पोती अंगावर ठेवली की जेवढा भार येईल, जवळपास तेवढा. ही सरासरी झाली. ऐन मधल्या क्षणी बल याच्या दुपटीच्या आसपास जातं.

आता क्रिकेटचा चेंडू घ्या. वजन १६० ग्रॅम. सेकंदाला ३५ मीटरने आला आणि बॅटने तेवढ्याच वेगाने उलटा परतवला, तर बदल ७० चा आणि आवेग ११.२. म्हणजे फुटबॉलच्या किकइतकाच! पण इथे भेट फक्त एक मिलिसेकंदाची. बल झालं ११ हजार न्यूटन, म्हणजे टनाच्या वर. देवाणघेवाण तेवढीच, वेळ दहाव्या हिश्शाएवढा, म्हणून जोर दसपट. आपले भाऊसाहेब निंबाळकर १९४८ साली पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ करून गेले. त्या खेळीत त्यांच्या बॅटने असे किती टन पेलले असतील, याचा हिशोब तुम्हीच करा.

म्हणजे 'किती किलोचा फटका' हा प्रश्न 'किती वेळ' हे विचारल्याशिवाय अर्धाच राहतो. आपल्या पैलवानांना हे न शिकवता कळलं होतं. तालमीच्या हौद्यात तांबडी माती खणून, तेल-ताक-लिंबू घालून मऊ का करायची? पाठ टेकते तेव्हा आवेग तोच असतो, पण मऊ माती भेट लांबवते. गोलकीपर चेंडू झेलताना हात मागे घेतो, तोही वेळच विकत घेतो.

आता आजींचा नातू. समजा चेंडू सेकंदाला १० मीटरने आला आणि डोक्याला लागून ५ मीटरने परत गेला. वेगातला बदल १५, आवेग साडेसहाच्या आसपास. भेट पुन्हा सुमारे १० मिलिसेकंद धरली, तर बल ६५० न्यूटन. तर आजी, तुमचं उत्तर : पासष्ट किलो, सेकंदाच्या शंभराव्या भागापुरते. घाबरू नका, पण सोडूनही देऊ नका. कवटीला हे पेलतं. अडचण आतल्या मेंदूची आहे. त्याला भार कळत नाही, हिसका कळतो. मान ताठ धरून, छाती मागे टाकून हेडर मारला की डोक्यामागे सगळं धड उभं राहतं आणि हिसका कमी होतो. लहान मुलाचं डोकं लवकर मोठं होतं, मान मात्र मागाहून भरते. त्यात पेठेत पोरं मोठ्यांचाच पाच नंबरचा चेंडू वापरतात, तोही दगडासारखा टाइट भरलेला. टाइट चेंडू कमी दबतो, भेट आखडते आणि जोर वाढतो.

इंग्लंडचा जेफ अ‍ॅसल हेडरसाठी प्रसिद्ध होता. तो २००२ साली ५९ व्या वर्षी वारला. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने कारण दिलं 'व्यवसायजन्य आजार', म्हणजे वर्षानुवर्षं डोक्यावर घेतलेले चेंडू. २०१९ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या जुन्या व्यावसायिक खेळाडूंची तुलना सामान्य लोकांशी केली. मेंदू झिजण्याच्या आजारांनी मृत्यू येण्याचं प्रमाण खेळाडूंमध्ये साडेतीन पट निघालं. पुढे त्याच गटाने पाहिलं, तर बचावपटूंमध्ये ते प्रमाण सगळ्यात जास्त आणि गोलकीपरमध्ये वाढ स्पष्ट दिसत नव्हती. गोलकीपर हेडर मारत नाही, हे लक्षात घ्या.

इथे ह्यूम परत येतो. एक बिलियर्डचा चेंडू दुसऱ्याला लागतो, दुसरा हलतो. आपल्याला दोन घटना दिसतात, मधला 'जोर' कधीच दिसत नाही, असं तो १७४८ साली म्हणाला. ग्लासगोच्या आकड्यांतही साहचर्य दिसतं. हेडरमुळेच आजार झाला, हे त्या आकड्यांत डोळ्यांना दिसत नाही. आमचे काही विद्यार्थी यावरून म्हणतील, मग सिद्ध होईपर्यंत थांबा. आम्हाला हे पटत नाही. ह्यूमने शंका घेतली, पण तो स्वतः व्यवहारात सवयीवर आणि अनुभवावरच चालत होता, आणि चालावंच लागतं असं म्हणत होता. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर बंद केला. इंग्लंडने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांच्या सरावातून तो काढला. पूर्ण पुराव्यासाठी कुणी थांबलं नाही, कारण थांबण्याची किंमत पोरांच्या डोक्यांनी मोजायची होती.

परवा त्या आजी पुन्हा भेटल्या. आम्ही त्यांना सांगितलं, खेळ बंद करू नका. चार नंबरचा चेंडू आणून द्या, तो ३५० ते ३९० ग्रॅमचा असतो, आणि हवा जरा कमी भरा. दोन-तीन वर्षं हेडरचा सराव नको, तोवर मानेचा व्यायाम करू दे. त्या म्हणाल्या, "चेंडू आणते, हवाही कमी करते. पण हेडर मारू नको हे त्याला तुम्ही येऊन सांगा, माझं ऐकत नाही." रविवारी आम्ही जाणार आहोत.