पाहुणा नव्हे, घरचाच

रमजानमध्ये पहाटे साडेचारच्या सुमारास तासगावच्या मुस्लिम घरांत दिवे लागू लागतात. तवा चढतो, चहाचे आधण ठेवले जाते, शेजारून हाक येते, "उठलात का, भाभी?" सहेरीची ही गडबड वर्षानुवर्षांची. पण एखाद्या घरात महिन्याभरापूर्वी दीड-दोन वर्षांचे मूल दत्तक आले असेल, तर त्या घरची सहेरी निराळी असते. भांड्याला भांडे लागू नये म्हणून जपले जाते. चमचा खाली पडला तरी सगळे श्वास रोखून आतल्या खोलीकडे पाहतात. रात्री दोन वाजेपर्यंत रडून बाळाचा नुकताच डोळा लागलेला असतो. आई पाण्याचा पेला ओठाला लावते न लावते तोच आतून हुंदका ऐकू येतो. ताट तसेच राहते. दादी म्हणते, "तू जा. रोजा ठेवायला दोन खजूर अन् घोटभर पाणी पुरतं."

हे कुणा एका घराचे चित्र नाही. थोडे मोठे झालेले मूल दत्तक घेणाऱ्या बऱ्याच घरांतले पहिले काही महिने असेच जातात. घर मंदिरासमोरच्या गल्लीतले असो की मशिदीमागचे, त्यात फरक पडत नाही.

दत्तकाविषयी बोलताना आपण मोठ्यांच्या बाजूने बोलतो. रिकामे घर भरले, आईबापांची इच्छा पुरी झाली, लेकराचे नशीब उघडले. हे सारे खरेच. पण त्या लेकराच्या बाजूने पाहिले तर एका दिवसात त्याचे सगळे जग बदललेले असते. संस्थेत ओळीने मांडलेले पाळणे होते, रात्रभर मंद दिवा जळत होता, शेजारी दुसऱ्या बाळांची चुळबुळ होती. जेवण ठरलेल्या वेळी येत होते, आणि आळीपाळीने येणाऱ्या मावश्यांचे चेहरे ओळखीचे होते. इथे अंधारी खोली, नवा वास, नवी भाजी, नवे नाव. दीड वर्षाच्या मुलाला 'आता हे तुझे घर' असे सांगून कळत नाही. त्याला एवढेच कळते, की ओळखीचे सगळे कुठेतरी गेले.

मग ते आपल्या परीने बोलू लागते. एखादे मूल रात्र रात्र रडते, तर एखादे अजिबात रडत नाही. न रडणाऱ्या बाळाला पाहून शेजारीण कौतुकाने म्हणते, "किती शहाणं लेकरू!" पण रडले तरी लगेच कुणी येतेच असे नाही, हे त्याने आधीच शिकलेले असू शकते. एखादे मूल पोट भरले तरी हात आखडत नाही, आणि सकाळी उशीखाली पोळीचा वाळका तुकडा सापडतो. ती चोरी नसते. उद्याचे जेवण येईल, यावर त्याचा अजून विश्वास बसलेला नसतो. अशा वेळी आईने तुकडा गुपचूप उचलावा, रागावू नये आणि दिवसभर एक वाटी त्याच्या हाताशी ठेवावी. काही आठवड्यांनी उशीखालचे तुकडे आपोआप थांबतात.

बापाची परीक्षा वेगळी असते. संस्थेत सांभाळायला बहुतेक बायकाच असतात. त्यामुळे दाढीवाला, भरदार आवाजाचा माणूस घरात आला की मूल किंचाळून पळते. दिवसभर रोज्याने राबून आलेल्या बापाला हे लागते. त्यावर उपाय एकच: जमिनीवर थोडे दूर बसायचे, आवाज खाली ठेवायचा, उचलून घ्यायची घाई करायची नाही. इफ्तारच्या वेळी बी काढून कुस्करलेला मऊ खजूर बशीत ठेवून बशी पुढे सरकवायची आणि नजर दुसरीकडे वळवायची. पहिल्या दिवशी मूल बशीकडे पाहतही नाही. एखाद्या संध्याकाळी इवलासा हात पुढे येतो, आणि त्या बापाचा रोजा त्या हातावरच सुटतो.

तासगावला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. अलीकडच्या वर्षांत रमजान ऐन द्राक्षहंगामात येतो. रानोमाळ बेदाण्याच्या शेडवर जाळ्यांचे मजले चढलेले असतात. द्राक्ष वाळवायचे तर ते सावलीत, वाऱ्यावर, त्याच्या गतीने वाळू द्यावे लागते. घाई करून थेट उन्हात टाकले की माल काळा पडतो. ज्या गावाला बेदाण्यासाठी पंधरवडा थांबता येते, त्याला लेकरासाठी काही महिने थांबणे जड जाऊ नये. रमजानला सब्रचा, म्हणजे धीराचा महिना म्हणतात. दिवसभराच्या भुकेपेक्षा कठीण सब्र अशा घरात रात्री दोन वाजता लागतो.

माया करणारे हात किती?

अडचण अशी, की हा महिना माणसांचा. कुणी इफ्तारला बोलावते, कुणी फळांचे ताट घेऊन येते. तरावीहनंतर नातेवाईक बसायला येतात. नवे बाळ आले म्हटल्यावर तर सगळ्यांनाच त्याला उचलून घ्यायचे असते. खाला एक घास भरवते, फुफी अंघोळ घालते, समोरच्या काकू झोपवायला नेतात. सगळ्यांची माया खरी असते. पण मुलाच्या दृष्टीने ही पुन्हा संस्थाच झाली: दर तासाला नवा हात, नवा चेहरा.

म्हणून या क्षेत्रात काम करणारे समाजसेवक नव्या आईबापांना सांगतात, की पहिले काही आठवडे भरवणे, न्हाऊ घालणे, झोपवणे आणि रडताना उचलणे ही चार कामे फक्त आईबापांनीच करावीत. बाकीच्यांनी हवे तर स्वयंपाक करावा, कपडे धुवावेत, बाजारातून सामान आणावे. आईबापांचे हात मोकळे करून देणे हीच या दिवसांतली खरी भेट. संस्थेतून आलेली चादर किंवा झबले लगेच धुऊ नये, त्याचा वास हाच त्या मुलाचा एकमेव ओळखीचा सोबती असतो. त्याला सवय असलेला भात, खिमट काही दिवस तसेच चालू ठेवावे. आणि ज्या नावाने त्याला हाक ऐकायची सवय आहे, ते एकदम पुसू नये.

'आपल्यात चालतं का?'

मुस्लिम कुटुंबात आणखी एक प्रश्न येतो, आणि तो बहुधा इफ्तारच्या सतरंजीवरच विचारला जातो: "आपल्यात दत्तक चालतं का?" या प्रश्नात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत.

पहिली कायद्याची. 1956 चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरता होता. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी जोडप्यांना 1890 च्या कायद्याखाली फक्त पालकत्व मिळे. मूल अठरा वर्षांचे झाले की तेही संपे. 2000 चा बालन्याय कायदा आणि त्यातली 2006 ची दुरुस्ती यांनी धर्म न पाहता दत्तकाची वाट खुली केली. सामाजिक कार्यकर्त्या शबनम हाश्मी यांनी 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेवर 19 फेब्रुवारी 2014 रोजी निकाल लागला. या कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला मूल दत्तक घेता येते, व्यक्तिगत कायदा त्याला आडवा येत नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. सक्ती मात्र कुणावर नाही. ज्याला आपल्या व्यक्तिगत कायद्याप्रमाणे चालायचे, त्याला ती मोकळीक आहे.

आज 2015 चा बालन्याय कायदा लागू आहे. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, म्हणजे 'कारा'कडे, ऑनलाइन नोंदणी होते. समाजसेवक घरी येऊन अहवाल तयार करतो. मान्यताप्राप्त संस्थेतून मूल आधी देखभालीसाठी घरी येते, मग दत्तकाचा आदेश निघतो. सप्टेंबर 2022 पासून हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवण्यात आला. त्यानंतरही दोन वर्षे दर सहा महिन्यांनी मुलाची विचारपूस होते. 'अमुक दवाखान्यात एक बाळ आहे, परस्पर घेऊन टाका' असे कुणी सुचवले तर कानावर हात ठेवावेत. अनाथ मूल असे परस्पर देणे-घेणे हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट धर्माची. इस्लाममध्ये यतीमाला, म्हणजे अनाथाला सांभाळण्याचे मोल फार मोठे मानले आहे. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) स्वतः यतीम होते. जन्माआधीच वडील गेले. पहिली काही वर्षे वाळवंटात हलीमाबाईंनी दूध पाजून वाढवले. मग आई आमिनांकडे परत आले, तर सहाव्या वर्षी आईही गेली. आजोबा अब्दुल मुत्तलिब यांनी सांभाळले, ते आठव्या वर्षी वारले, आणि चुलते अबू तालिब यांच्या घरी थारा मिळाला. आठ वर्षांच्या आत चार घरे. चुलती फातिमा बिंत असद यांनी आपल्या लेकरांआधी त्यांच्या पोटाची काळजी घेतली. त्या वारल्या तेव्हा पैगंबरांनी आपला सदरा त्यांच्या कफनासाठी दिला, असे परंपरा सांगते.

मग 'चालत नाही' हे आले कुठून? त्यासाठी जैद यांची गोष्ट आठवावी लागते. लहानपणी पळवून बाजारात विकलेला हा मुलगा पैगंबरांच्या घरी आला. पुढे बाप हारिसा त्याला शोधत मक्केत पोचला. निवड जैद यांच्यावर सोपवण्यात आली आणि त्यांनी तिथेच राहणे पसंत केले. तेव्हापासून लोक त्यांना मुहम्मदांचा मुलगा म्हणून हाक मारू लागले. नंतर कुरआनात आज्ञा आली, की सांभाळलेल्या मुलांना त्यांच्या खऱ्या बापाच्या नावाने ओळखावे. जैद पुन्हा जैद बिन हारिसा झाले, पण घरातली माया तिळभरही कमी झाली नाही. वारसा आणि नाव यांबाबत उलेमांचे नियम आहेत, म्हणूनच बरीच कुटुंबे हयातीतच हिबा, म्हणजे बक्षीसपत्र, किंवा वसियत करून मुलाची सोय लावतात. पण या आज्ञेचा गाभा एवढाच, की मूल सांभाळा, जीव लावा, मात्र त्याचे मूळ पुसू नका.

मूळ पुसू नये

आज दत्तकाच्या क्षेत्रातली जाणती माणसेही नेमके हेच सांगतात. मुलाला ते दत्तक आहे हे लहानपणापासून, गोष्ट सांगावी तसे सांगत राहावे. सोळाव्या वर्षी लग्नाच्या मांडवात कुणा दूरच्या नातेवाइकाच्या तोंडून ते कळले, तर त्याला धक्का दत्तक असण्याचा बसत नाही, तर आईबाप इतकी वर्षे खोटे बोलले याचा बसतो.

महाराष्ट्राला हा धडा जुना आहे. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. 1874 मध्ये काशीबाई या ब्राह्मण विधवेचे मूल त्यांनी पदरात घेतले आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. त्याचे मूळ त्यांनी लपवले नाही. जवळच पंढरपुरात 1875 पासून प्रार्थना समाजाचा बालकाश्रम टाकून दिलेल्या लेकरांना सांभाळत आला. 1890 मध्ये जोतीराव गेले, तेव्हा दत्तक मुलाच्या हक्कावर भाऊबंदांनी हरकत घेतली. सावित्रीबाईंनी टिटवे स्वतःच्या हातात घेतले आणि त्या अंत्ययात्रेपुढे चालल्या. यशवंत डॉक्टर झाले. 1897 च्या प्लेगमध्ये त्यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाईंना प्लेगने गाठले.

भाऊबंदांचा तो प्रश्न आजही गल्लीत विचारला जातो, फक्त थोड्या गोड आवाजात. "कुणाचं आहे हो? कुठल्या जातीचं? रक्त कुठलं कुणास ठाऊक!" दीड वर्षाच्या मुलाला शब्द कळत नाहीत, पण आपल्याकडे पाहून आवाज खाली गेला, हे कळते. आणि चौथ्या-पाचव्या वर्षी शब्दही कळू लागतात. विचारायचेच असेल तर त्याला काय आवडते, रात्री झोपतो का, आईला थोडी विश्रांती मिळते का, हे विचारावे.

महिना सरतो. चंद्र दिसतो. ईदच्या सकाळी शीरखुर्म्यात तासगावचाच बेदाणा पडतो, आणि दुपारी शेजारपाजारची मंडळी येऊ लागतात. बाळाला नवा कुर्ता, नवी टोपी. टोपी दहाव्या मिनिटाला जमिनीवर. रमजानच्या सुरुवातीला हेच बाळ आलेल्या कुणाच्याही कडेवर हसत जायचे आणि लोक म्हणायचे, "किती मनमिळाऊ!" त्या हसण्याचा अर्थ आईला ठाऊक होता: आपले कोण, परके कोण, हे त्याला अजून ठरवता आले नव्हते.

आता समोरच्या काकू हात पसरतात, "ये, ये माझ्याकडे." बाळ त्यांच्याकडे पाहते, मागे सरते आणि आईच्या ओढणीत तोंड लपवून रडू लागते. काकू ओशाळतात, "अगं बाई, भ्यालं का मला?"

"भ्यालं नाही, काकू," दादी शीरखुर्म्याची वाटी त्यांच्या हातात देत हसते. "त्याला आई सापडली."