कॅनमधलं दूध विहिरीच्या पाण्यानं गार कसं करावं?



धार काढली, कॅन भरला, पण गाडीला दोन-तीन तास उशीर झाला. केंद्रावर दूध आंबट निघालं आणि परत आलं. वैरण, पेंड, मेहनत सगळी पाण्यात! असं का होतं? ताजं दूध सुमारे ३७ अंश सेल्सिअस गरम असतं. या उबेत काही जंतू २०-३० मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. म्हणून ही उष्णता लगेच बाहेर काढली पाहिजे.

उष्णता गरमाकडून गाराकडे जाते. कॅन पाण्यात ठेवला की ती पत्र्यातून पाण्यात उतरते. दूध आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही. ती किती झपाट्यानं जाईल हे तीन गोष्टींवर ठरतं: दोघांच्या तपमानातला फरक, पाण्याला लागलेला पत्रा आणि दोन्हींची हालचाल.

आता पाण्याचा हिशेब पाहू. दूध २० लिटर, ३६ अंश. पाणी २६ अंश. पाणीही २० लिटरच घेतलं, तर दोन्ही ३१ अंशांवर येऊन थांबतात. पाणी ६० लिटर घेतलं, तर साडेअठ्ठावीसवर. पुढं तासभर ठेवलं तरी त्या पाण्यात दूध आणखी गार होत नाही. पाणी बदलावंच लागतं.

म्हणून असं करा:

१. हौद सावलीत बांधा. पाणी कॅनमधल्या दुधाच्या पातळीच्या वर, पण गळ्याच्या खाली ठेवा.

२. ताजं पाणी तळाशी सोडा. तापलेलं पाणी वर येतं, ते वरूनच वाहू द्या आणि झाडांना घाला.

३. प्लॅस्टिकपेक्षा धातूचा कॅन बरा. एका मोठ्या कॅनपेक्षा दोन लहान कॅन लवकर गार होतात.

४. स्वच्छ दांड्यानं दूध मधूनमधून ढवळा, नाहीतर कडेचं गार आणि मधलं गरम राहतं.

५. कॅनवरचं शेवाळ आणि क्षाराचा थर घासून काढा. तो उष्णता अडवतो.

काम नीट चाललंय का, हे तपासायला थर्मामीटर ठेवा. पाणी तापलं असेल, तर पाणी कमी पडतंय. पाणी गार आणि दूध मात्र गरम असेल, तर ढवळणं कमी पडतंय किंवा कॅनवर थर बसलाय.

डेअरीतही हेच तत्त्व वापरतात. तिथं पातळ पोलादी पत्र्यांच्या एका बाजूनं दूध आणि दुसऱ्या बाजूनं उलट दिशेनं गार पाणी वाहतं. बाहेर पडणाऱ्या दुधाला सर्वांत गार पाणी भेटतं, म्हणून दूध जास्त गार होतं.

एक मात्र लक्षात ठेवा. विहिरीचं पाणी २६ अंश असेल, तर दूध त्याखाली जाणार नाही. या उपायानं थोडा वेळ मिळतो, रात्रभराची हमी नाही. दूध जास्त वेळ टिकवायचं तर ते ४ अंशांपर्यंत थंड करणाऱ्या शीतटाकीतच पोचवा. आणि दुधात बर्फ कधीच टाकू नका, ती भेसळच!